दोन चाकांची वाटणी

गेल्या वर्षीच्या वैशाखात एका संध्याकाळी, कोल्हापुरातील एका मोटारविक्रेत्याच्या गार दालनात बसून मी एका गुळगुळीत छापील पत्रकाकडे सुमारे पाऊण तास पाहत होतो. एकाच गाडीच्या दोन प्रती त्यावर शेजारी शेजारी छापल्या होत्या. रंग तेच, एंजिन तेच, चारही चाकांना बळ देण्याची सोय दोहोंतही तीच. आणि तरीही दुसरीची किंमत पहिलीहून सव्वा लाख रुपयांनी अधिक होती. हा सव्वा लाख कशाचा, असे मी तेथल्या तरुणाला विचारले. त्याने आधी पडद्याचा आकार सांगितला, मग बैठकींचे कापड सांगितले, आणि शेवटी, जेवणानंतर बडीशेप पुढे करावी इतक्या सहजतेने तो म्हणाला, “आणि सर, वरच्या मॉडेलला लिमिटेड स्लिप डिफरन्शियल आहे.”

“त्याने काय होते?”

“ऑफ-रोडिंगला बरे पडते, सर.”

“पण म्हणजे नेमके काय होते?”

तो हसला. त्या हास्याचा अर्थ मला चांगला ठाऊक आहे. तोंडी परीक्षेत ज्या विद्यार्थ्याला पुस्तकाचे नाव पाठ असते, परंतु पुस्तक वाचलेले नसते, तो असाच हसतो. आणि न्यायाने सांगावयाचे तर त्या क्षणी परीक्षकाची स्थितीही विद्यार्थ्याहून फारशी निराळी नव्हती. इंग्रजी वाङ्मय शिकविण्यात माझी तीस वर्षे गेली. मोटारीच्या पोटात काय असते याविषयीचे माझे ज्ञान, तेल असले की ती चालते आणि तेल संपले की थांबते, ह्या दोन सिद्धान्तांपलीकडे कधी गेले नव्हते. अशा मनुष्याने सव्वा लाख रुपयांच्या दंतचक्रांविषयी निर्णय द्यावयाचा, ही गोष्ट मुळातच हास्यास्पद होती. पत्नीने तर तो निर्णय तेथल्या तेथे देऊन टाकला असता. “पन्नाशी उलटली की पुरुषांना डोंगर चढणाऱ्या गाड्या आवडू लागतात, कारण गुडघे चढेनासे होतात,” असे आपले मत तिने परतीच्या वाटेवर मला ऐकविले, आणि त्यात तथ्य नाही असे मला प्रामाणिकपणे म्हणता येईना.

तथापि माझ्या मनात डोंगर नव्हता. माझ्या मनात एक घाटी होती.

आमचे मूळ घर राजापूर तालुक्यात आहे. अणुस्कुरा घाट उतरून बरेच खाली गेल्यावर डांबरी सडकेला एक तांबडी वाट फुटते आणि सव्वा किलोमीटर चालून आमच्या खळ्यात संपते. ही वाट एरवी सोज्वळ आहे. परंतु घराच्या अलीकडे ती एकाएकी सव्वाशे फूट खाली उतरते, पऱ्ह्यावरची मोरी ओलांडते आणि मग घराशी येते. ह्या उतरणीला आम्ही सारे पूर्वापार घाटी म्हणतो. उतरताना तिचे काही वाटत नाही. खरी कसोटी बाहेर पडताना. उन्हाळ्यात तिच्यावरून कोणतीही गाडी चढते. मिरग बरसला, की उजव्या अंगाच्या तांबड्या मातीचे लोणी होते आणि पाण्याच्या लोंढ्याने तीत हात-दीड हात खोल चर पडतो. डाव्या अंगाला मात्र जांभ्याचा खडबडीत कातळ उघडा पडलेला आहे. म्हणजे गाडीचे डावे चाक खडकावर आणि उजवे लोण्यात, अशी व्यवस्था निसर्गाने तेथे कायमची करून ठेवली आहे.

घरात आई एकटी असते. तिला चौऱ्याऐंशीवे वर्ष चालू होते. कोल्हापूरला चल असे म्हटले, की ती चार दिवस येते आणि पाचव्या दिवशी पिशवी भरू लागते. “तुमच्याकडं पाऊस पडलेला कळत नाही रे,” हे तिचे त्यावरचे एकमेव कारण. आणि ह्या कारणाला उत्तर असे कोणापाशीच नाही.

२०२२ च्या जुलैत मी योगायोगाने गावी होतो. रात्री दहाच्या सुमारास आईला धाप लागली. ओठांवर निळसर छटा दिसू लागली तेव्हा मी तिला आमच्या लहान शहरी गाडीत बसविले आणि निघालो. मोरी ओलांडली, घाटी अर्धी चढली, आणि गाडी थांबली. मी पायाने एंजिनला जोर देत होतो. एंजिन ओरडत होते. गाडी जागची हलत नव्हती. बॅटरी घेऊन खाली उतरलो आणि बाजूच्या मुलाला पेडल दाबावयास सांगून पाहिले. उजवे चाक चरात गरगर फिरत होते आणि तांबड्या चिखलाचे फवारे गडग्यावर उडवीत होते. डावे चाक कोरड्यासारख्या जांभ्यावर उभे होते. ते स्वस्थ उभे होते. तसूभरही फिरत नव्हते. ज्या चाकाच्या पायाखाली भक्कम खडक होता त्याने काहीच करू नये, आणि ज्याच्या पायाखाली काही नव्हते त्याने मात्र एंजिनचे सारे बळ उधळावे, ह्याचा अर्थ मला त्या रात्री लागला नाही. शेजारचे चौघे धावत आले. प्लॅस्टिकच्या खुर्चीला वासे बांधून त्यांनी आईला सडकेपर्यंत नेले. तेथून वडापाच्या जीपने राजापूर गाठले. फुप्फुसात पाणी साठू लागले होते. आणखी उशीर झाला असता तर कठीण होते, असे डॉक्टर म्हणाले. आई बरी झाली. परंतु ते स्वस्थ उभे असलेले डावे चाक माझ्या डोळ्यांपुढून काही हलले नाही. पत्रकाकडे मी पाऊण तास पाहत राहिलो तो त्या चाकासाठी.

मे महिन्याची सुट्टी होती. मी वाचावयास बसलो.

बैलगाडीला हा प्रश्न पडत नाही, कारण तिचा आस फिरतच नाही. चाके त्याच्यावर आपापली फिरतात. मोटारीत मात्र चाकेच एंजिनने फिरवावयाची असतात. आता दोन्ही चाके एकाच दांड्यावर पक्की बसविली तर सरळ रस्त्यावर सारे ठीक चालेल. पण वळण आले, की बाहेरच्या चाकाला लांबची वाट चालावी लागते आणि आतल्याला जवळची. दोन चाकांमधील अंतर दीड मीटर धरले, तर गाडीचे तोंड पुरते उलट फिरविणाऱ्या वळणावर बाहेरचे चाक आतल्यापेक्षा ४.७ मीटर अधिक चालते. आणि मौज अशी, की वळण आखूड असो वा ऐसपैस, हा फरक तेवढाच राहतो. मला हे प्रथम खरे वाटेना. कागदावर दोन-तीन वर्तुळे काढून आणि पायचा गुणाकार करून पाहिला तेव्हा पटले, आणि अणुस्कुऱ्याच्या प्रत्येक उलट्या वळणावर आपली चाके हा हिशेब इतकी वर्षे मुकाट्याने चुकता करीत होती, ह्याची थोडी शरमही वाटली.

हा हिशेब चुकता करणारे यंत्र म्हणजे डिफरन्शियल. १८२७ साली पेकर नावाच्या एका फ्रेंच यंत्रज्ञाने ते वाफेच्या गाडीसाठी योजिले. आसाच्या मधोमध एक पेटी असते. तिच्यात लहान दातेरी चाके अशा खुबीने बसविलेली असतात, की एंजिनाचे बळ डाव्या-उजव्या दोन्ही चाकांना समसमान मिळावे, परंतु किती फिरावयाचे ते ज्याचे त्याने ठरवावे. वाचता वाचता मी ह्या कल्पनेच्या प्रेमातच पडलो. हक्क समान आणि चाल मोकळी! एखाद्या राज्यघटनेच्या कर्त्यांनीही हेवा करावा अशी ही व्यवस्था.

परंतु समान म्हणजे किती? येथे गोम आहे. चिखलातले चाक जमिनीला रेटा देऊ शकत नाही. थोडे बळ मिळताच ते घसरून फिरू लागते, आणि एकदा फिरू लागले, की त्याला त्याहून अधिक बळ देताच येत नाही. आता पेटीचा नियम असा, की एकाला जितके द्यावयाचे तितकेच दुसऱ्याला. मग खडकावरच्या चाकाला किती मिळणार? चिखलातल्या चाकाने जेवढे पेलले तेवढेच. एका कणानेही अधिक नाही. डावे चाक आळशी नव्हते. त्याच्या वाट्याला आलेल्या बळात गाडी उचलण्याइतका जोरच नव्हता. त्या रात्री मी मनातल्या मनात त्याला जे काही बोललो होतो ते मला मागे घ्यावे लागले.

चारही चाकांना बळ देणारी गाडी घेतली की हा प्रश्न मिटतो, असा माझा समज होता, पुष्कळांचा असतो. तो पुरता खरा नाही. अशा गाडीत पुढच्या आसाला एक पेटी आणि मागच्या आसाला एक पेटी, अशा दोन असतात. दोन्ही साध्या असतील, तर पुढचे एक आणि मागचे एक अशी दोन चाके निसटली, की गाडी पुन्हा जागच्या जागी. आमच्या घाटीवर तर पुढचे आणि मागचे अशी दोन्ही उजवी चाके एकाच चरातून चालतात. चार चाकांच्या जोरावर तेथे पुढे जावयाचे खरे, पण दोन पेट्यांचे न्यायदान तेथेही तसेच चालू राहते.

ह्या न्यायावर तीन तोडगे आहेत. पहिला, पेटीला कुलूपच घालावयाचे: दोन्ही चाके एकजीव होतात, एक फिरले की दुसऱ्याला फिरावेच लागते. २०२१ साली आलेल्या गुरखा गाडीत पुढच्या आणि मागच्या आसांना अशी निरनिराळी कुलुपे होती आणि ती चालकाने स्वतःच्या हाताने लावावयाची होती. २०२० च्या थारच्या वरच्या प्रतीत मागच्या आसाचे कुलूप आपले आपण लागे. उपाय जालीम, पण कुलूप लावून डांबरी वळणावर गेले, तर तो ४.७ मीटरांचा हिशेब चुकवावयास कोणीच उरत नाही आणि टायर रस्त्यावर घासत जातात. दुसरा तोडगा म्हणजे तो दुकानातल्या तरुणाने सांगितलेला मर्यादित घसरणीचा. त्यात पेटीमध्ये चकत्या घालून दोन चाकांत थोडी ओढ ठेवलेली असते, जेणेकरून एक चाक पळू लागले तर दुसऱ्याला काही बळ ओढून मिळते. हा मुळात चिखलासाठी प्रसिद्धीस आलाच नाही. १९३५ मध्ये फर्डिनांड पोर्शे यांनी ऑटो युनियनच्या शर्यतीच्या गाड्यांसाठी तो झेडएफ ह्या जर्मन कारखान्याकडून करवून घेतला. कारण त्या गाड्यांचे बळच एवढे अचाट होते, की कोरड्या रस्त्यावरही त्यांचे एक चाक घसरे. ह्या चकत्या झिजतात, त्यांना निराळे तेल लागते. काही प्रकारांत चकत्यांऐवजी केवळ दंतचक्रे असतात आणि ती दुबळ्या चाकापेक्षा सबळ चाकाला काही पट बळ देतात. ऐकावयास हे छान आहे. पण दुबळे चाक पार हवेतच लटकले तर त्याचा वाटा शून्य, आणि शून्याची कितीही पट केली तरी शून्यच.

तिसरा तोडगा सर्वांत स्वस्त आणि मला सर्वांत संशयास्पद वाटलेला. ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊन गाडी घसरू नये म्हणून हल्लीच्या गाड्यांत प्रत्येक चाकाच्या वेगावर नजर ठेवणारी योजना असतेच. तिलाच थोडे अधिक शिकविले, की एखादे चाक उगाच फिरताना दिसताच ती नेमका त्याच चाकाचा ब्रेक आवळते. २०२३ च्या जिमनीत चाकांची घसरण आवरण्याचे काम ह्याच युक्तीवर सोपविले होते. माझ्या पत्रकातल्या दोन्ही प्रतींतही ती होती. वरच्या प्रतीत तिच्या जोडीला चकत्यांची पेटी. आता चढण चढताना ब्रेक लावून गाडी वर कशी जाईल? सामान्य बुद्धीला हे पटत नाही. मी ते वाचले, हसलो, आणि चकत्यांच्या सव्वा लाखाकडे मनाने बराच झुकलो.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात मी गावी गेलो. त्या रात्री आईला राजापूरला पोचविणारे वडापवाले तात्या घराशी आले होते. तांदळाची दोन पोती घेऊन त्यांची जीप खळ्यात उभी होती. तीस वर्षे ते ह्या भागात वडाप चालवीत आहेत. जीप जुनी, बळ फक्त मागच्या दोन चाकांना, पेटी साधी. परत निघाले तेव्हा मी मुद्दामच त्यांच्या शेजारी बसलो. घाटीच्या मध्यावर, अगदी त्याच जागी, मागचे उजवे चाक चरात फिरू लागले. तात्यांनी पाय सोडला नाही. डाव्या हाताने त्यांनी हातब्रेक ओढला, पुरता नव्हे, तीन दाते. आणि पायाने थोडा अधिक जोर दिला. गाडी क्षणभर कण्हली, डावे चाक जांभ्याला चावले, आणि आम्ही वर आलो.

“तात्या, हे काय केलंत?”

“काय नाय ओ भाऊ. फिरणाऱ्याला जरा दाबला, की उभा असलेला उठतो.”

महिनाभर जे मी वाचत होतो ते ह्या गृहस्थाने सात शब्दांत सांगितले होते. ब्रेकने फिरणाऱ्या चाकाला अडविले, की त्याला फिरविण्यासाठी पुन्हा बळ लागू लागते. आणि पेटी तर शपथेवर समान वाटणी करणारी, तेव्हा तेवढेच बळ दुसऱ्यालाही मिळते! दुबळ्यावर लटके ओझे टाकून सबळाचा वाटा वाढवून घ्यावयाचा. पेटीचा नियम मोडला नाही. फक्त तिला फसविले. गाडीतले यंत्र करते तेही हेच. फरक एवढाच, की तात्यांचा हातब्रेक मागची दोन्ही चाके आवळतो आणि त्यामुळे थोडे बळ फुकट जाते, आणि यंत्र नेमके घसरणारे चाकच निवडते. यंत्राचे दोषही मग ध्यानात आले. चाक घसरल्यावाचून त्याला जाग येत नाही, म्हणजे ते नेहमी क्षणभर उशिराच येते. फार वेळ राबविले तर ब्रेक तापतात. आणि ज्या क्षणी चालक घाबरून पाय उचलतो त्याच क्षणी सारा खेळ संपतो. तात्यांनी पाय उचलला नव्हता. मी त्या रात्री किती वेळा उचलला होता, हे आता आठवत नाही. पण उचलला होता खास.

तात्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली आणि ती पत्रकात कोठेच नव्हती. त्यांनी माझ्या गाडीच्या टायरावर बोट ठेवले. नक्षी बारीक, शहरी रस्त्याची. तिच्या फटींत चिखल बसला, की टायर तुळतुळीत होतो आणि मग आत कोणतीही पेटी असली तरी तिला वाटावयास बळच उरत नाही. त्यांच्या जीपच्या मागच्या टायरांच्या खाचांत बोटाचे पेर बुडत होते. ज्यांना दर रविवारी नदीच्या पात्रात आणि उभ्या कातळावर गाडी घालावयाची हौस आहे, एक-एक चाक हवेत लोंबकळणे हाच ज्यांचा आनंद आहे, त्यांनी कुलूपच घ्यावे. त्यांच्या बाबतीत मला शंका नाही. परंतु ज्याचा सारा आडरस्ता सव्वाशे फुटांचा आहे त्याने आधी टायर पाहावे, मग चालकाचा पाय पाहावा, आणि चकत्यांचा विचार त्यानंतर करावा, इतपत माझे मत त्या दुपारी बनले होते.

संध्याकाळी पडवीत आई काजूच्या बिया निवडीत बसली होती. मी तिला सारे समजावून सांगितले. शिकविण्याची खोड जात नाही. दोन सुपाऱ्या आणि एक काडी घेऊन मी पेटीचे कार्यही दाखविले. तिने शांतपणे ऐकून घेतले.

“आणि ही गाडी राहणार कुठं?”

“कुठे म्हणजे? कोल्हापूरला.”

“मग रात्री मला काही झालं, तर ती तिकडनं चढणार होय घाटी?”

मी काडी खाली ठेवली. २०२२ च्या त्या रात्री मी गावी असणे हा योगायोग होता, हे मी स्वतःच ज्याला-त्याला सांगत आलो होतो. वर्षातले तीनशेहून अधिक दिवस मी तेथे नसतो. आईला धाप लागेल तेव्हा माझी चकत्यांची पेटी बहुधा कोल्हापुरात आमच्या इमारतीखाली सुरक्षित उभी असेल. येईल ती १०८ ची रुग्णवाहिका. २०१४ पासून ही सेवा महाराष्ट्रात चालू आहे आणि आमच्या भागात तिने पुष्कळांचे प्राण वाचविले आहेत. पण ती घाटीच्या तोंडाशी थांबते, आणि तेथून खाली पुन्हा वासे आणि खुर्ची. ते चौघेही आता चौघे राहिलेले नाहीत. एक मुंबईला मुलाकडे गेला, एकाचा गुडघा बदलला. सहा आठवडे मी गाडीत काय असावे ह्याचा विचार करीत होतो, आणि रस्त्यात काय असावे हा विचार मला एकदाही शिवला नव्हता. पत्रकावर रस्ता छापलेला नव्हता, हे त्याचे कारण असावे. की पत्नी म्हणाली त्यात अधिक तथ्य होते, आणि आईचे दुखणे हे मी माझ्याच हौसेला लावलेले एक सभ्य नाव होते? ह्या प्रश्नाचे उत्तर मी अद्याप पुरते दिलेले नाही.

मी खालची प्रत घेतली. टायर मात्र बदलून घेतले. सव्वा लाखाचा हिशेब एका गवंड्याला विचारला. सव्वाशे फूट लांब, अडीच फूट रुंद, सहा इंच जाड असे काँक्रीटचे दोन पट्टे, चाकांपुरते. म्हणजे तीनशे घनफुटांहून थोडे अधिक. शिवाय वरचे पाणी बाजूला काढावयास चिऱ्यांचे गटार. रक्कम जवळजवळ तेवढीच आली. काम दिवाळीनंतर काढावयाचे ठरले.

आणि मग ती खरी वाटणी पुढे आली. घाटीचे वरचे तीस-पस्तीस फूट आमचे नाहीत. आजोबांच्या पश्चात जमीन दोन भावांत समसमान वाटली गेली. कलम बागायत अर्धी अर्धी, विहिरीचे पाणी एक दिवसाआड, आणि घाटी आडवी कापून खालचा भाग आमच्याकडे, वरचा चुलत्यांकडे. कोणावर अन्याय होऊ नये म्हणून पंचांनी दोरी धरून मोजले होते म्हणतात. माझा चुलत भाऊ मुंबईस असतो. माणूस चांगला आहे. आईची चौकशी करतो, आंबे पाठविले तर फोन करतो. पण काँक्रीटचे नाव काढताच तो गप्प झाला. एकदा पक्का रस्ता झाला की उद्या सातबाऱ्यावर वहिवाट चढेल, अशी भीती त्याला कोणी घातली आहे. मी लिहून देतो म्हणालो. तो म्हणाला, “दादा, लिहून घेण्यासारखे आपल्यात काय आहे?” आणि परवानगी दिली नाही. त्यामुळे नव्वद फूट पट्टे झाले. वरचे तीस-पस्तीस फूट मातीचेच राहिले. म्हणजे आता खालच्या भागाला घट्ट पाय आणि वरच्याला लोणी.

यंदाच्या आषाढात आईला डोळे दाखवावयास राजापूरला न्यावयाचे होते. रात्रभर पाऊस कोसळला होता. पट्ट्यांवरून गाडी सरळ चढत आली. आईने खिडकीतून मान काढून गटारातले पाणी पाहिले आणि समाधानाने हुंकार दिला. पट्टे संपले. पुढे चार-पाच फुटांवर गाडी उजवीकडे लचकली आणि थांबली. उजवी चाके फिरू लागल्याचे मला बैठकीतून कळले. मी पाय उचलला नाही. उचलू नये म्हणून दात आवळून धरले होते. खालून कट्-कट्-कट् असा दाताखाली खडा यावा तसा आवाज आला. गाडी कण्हली, डावीकडून रेटा बसला, आणि एकेक वीत करीत आम्ही सडकेवर आलो.

“काय मोडलं रे?” आईने विचारले.

“काही नाही. उजवं चाक दाबलं त्यानं.”

ती थोडा वेळ मागे वळून घाटीकडे पाहत राहिली. ज्या जागी आम्ही थांबलो होतो तेथून वर, गडग्यापर्यंत, दोन तांबड्या चाकोऱ्या ताज्या उमटल्या होत्या आणि उजवी चाकोरी पाण्याने भरत होती.

“गणपतीला येईल ना तो मुंबईहून?” ती म्हणाली.

“येईल.”

“आला की घरी जेवायला बोलाव. तू काही बोलू नको. मी बोलते.”

गणपतीला अजून सात आठवडे होते. मी गाडी सुरू केली आणि आम्ही राजापूरच्या वाटेला लागलो.